आपला दिवा आणि समोरच्याचे डोळे

सदाचाराचा विचार करू लागले की आपल्या नजरेसमोर बहुधा मोठे प्रसंग उभे राहतात : मोठा त्याग, मोठा मोह, मोठे संकट. परंतु माणसाची खरी परीक्षा पुष्कळ वेळा अशा लहान गोष्टींत होत असते की, जेथे कोणी साक्षीदार नसतो आणि घडलेला अपराध करणाऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाही. मोटारसायकलच्या दिव्याचा रोख ही अशीच एक गोष्ट होय. विषय प्रथमदर्शनी गॅरेजातला वाटेल; परंतु त्यात नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी, किंवा आंबोलीच्या वाटेने सावंतवाडीकडे जाणारी मोटारसायकलस्वार मंडळी आपण नेहमी पाहतो. मागे पत्नी किंवा मित्र बसलेला असतो, दोन्ही अंगांस पिशव्या बांधलेल्या असतात, वर एखादी वळकटी असते. या ओझ्याने गाडीची मागची बाजू दबते. जेवढी मागची बाजू दबते, तेवढे गाडीचे तोंड वर होते आणि तोंडाबरोबर दिवाही आकाशाकडे पाहू लागतो. स्वाराला यातले काही जाणवत नाही. उलट रस्ता अंमळ दूरवर दिसू लागला याचे त्यास समाधानच वाटते.

हा फरक किती पडतो, ते हिशेबाने पाहावे. जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर दिवा आहे आणि डिपरच्या झोताची वरची कड दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतरते असे समजू. म्हणजे ५० मीटरवर ती कड जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, समोरच्याच्या गुडघ्याशी राहील. आता दोन चाकांच्या आसांमधील अंतर १.४ मीटर असून मागची बाजू पुढच्यापेक्षा अवघी अडीच सेंटिमीटर अधिक दबली, तर तीच कड ५० मीटरवर जवळजवळ ९० सेंटिमीटर वर चढते. गुडघ्याशी असलेला झोत १३० सेंटिमीटरवर जातो. समोरून मोटार हाकणाऱ्याचे डोळे आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलाचे तोंड, ही दोन्ही त्या उंचीच्या आत येतात. मागे बोटभर वाकले की पुढे कोणाचे तरी डोळे दिपतात, असा हा व्यवहार आहे.

आता प्रश्न असा की, यात दोष कोणाचा? स्वाराच्या मनात कोणास पीडा देण्याचा हेतू नव्हता. हेतू शुद्ध असला म्हणजे कर्म निर्दोष ठरते, असे मानणारे पुष्कळ आहेत. पहिल्या वेळेपुरते ते मान्य करता येईल. परंतु ओझ्याने दिवा वर होतो हे एकदा कळल्यानंतर तो न तपासणे यास अजाणपण म्हणता यावयाचे नाही; ती हयगय होय. पीडा देण्याची इच्छा नसणे निराळे आणि पीडा होऊ नये म्हणून झटणे निराळे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. घाटातील अंधारी वळणे, पावसाने उखडलेला रस्ता, मागे बसलेली पत्नी. अशा वेळी स्वार म्हणेल, ‘माझे पहिले कर्तव्य माझ्या माणसांविषयी आहे. अनोळखी माणसाच्या सोयीसाठी मी माझा उजेड का कमी करावा?’ हा आक्षेप स्वार्थाचा म्हणून झिडकारण्याजोगा नाही. कुटुंबाचे रक्षण हेही कर्तव्यच आहे, आणि दोन कर्तव्ये समोरासमोर आली म्हणजेच नीतीचा खरा प्रश्न उत्पन्न होतो.

याचे एक उत्तर हिशेबाचे आहे. वर गेलेला झोत झाडांच्या शेंड्यांत वाया जातो आणि जवळचा खड्डा अंधारात राहतो. शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तिचा चालक दिपला, तर तेवढी जागा तो आंधळेपणाने ओलांडतो, आणि त्या जागेच्या शेवटी कदाचित आपणच असतो. दुसऱ्याचे डोळे राखणे म्हणजे स्वतःचा जीव राखणे, असे यावरून दिसते.

परंतु या उत्तरावर विसंबून राहणे बरोबर नाही. समोरून मोटारीऐवजी पायी चालणारा वृद्ध आला, तर काय? त्याचे डोळे दिपले तर तो गटारात पडेल, परंतु आपले काही बिघडणार नाही. मोतीबिंदूने धूसर झालेल्या डोळ्यांत प्रकाश विखुरतो. तरुणास जो झोत क्षणभर खुपतो, तो वृद्धास कितीतरी वेळ काही दिसू देत नाही. त्याच्यापाशी उत्तर देण्यास दिवाही नसतो. आपला स्वार्थ जेथे संपतो, तेथेच धर्मबुद्धीची परीक्षा सुरू होते, ती ही अशी.

मग त्या दोन कर्तव्यांचा मेळ कसा घालावा? माझ्या मते तो वेगात आहे. उजेड अपुरा वाटत असेल, तर त्याची किंमत आपल्या वेगातून द्यावी. समोरच्याच्या डोळ्यांतून वसूल करू नये. अर्धा तास उशिरा पोहोचल्याने पत्नीचे रक्षण कमी होत नाही, अधिकच होते. ‘तो डिपर देत नाही, मग मी का द्यावा?’ या युक्तिवादाचीही हीच गत आहे. एक जण दिपला होता, आता दोघे दिपले. रस्त्यावर डोळस असा कोणीच उरला नाही. यात न्याय कोणता झाला?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत या बाबतीत एक मनोवेधक कल्पना आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, किंचित उजव्या अंगास, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसास दिपवू शकणार नाही, अशा रीतीने झोत कायम खाली वळविलेला किंवा चालकास खाली वळविता येण्याजोगा असावा, असे तो नियम सांगतो. या माणसास नाव नाही, गाव नाही. तो मित्र की वैरी, श्रीमंत की गरीब, याची नियमाने विचारपूस केलेली नाही. त्यास डोळे आहेत, एवढी एकच ओळख पुरेशी मानली आहे. परका माणूस म्हणजे कोण, याची याहून सरळ व्याख्या क्वचितच सापडेल.

प्रत्यक्ष कृती फार सोपी आहे. चाकांतील हवा बेताची भरावी. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढविण्याची सोय असेल, तर तो ओझ्याप्रमाणे आधी वाढवावा. मग सपाट जागी, भिंतीसमोर, ज्या स्थितीत प्रवास करावयाचा त्याच स्थितीत, म्हणजे सामान बांधून व दोघांनी बसून, गाडी सरळ उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने नोंदवावी, १० मीटर मागे यावे आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली येईल असा दिवा बसवावा. गाडीच्या पुस्तिकेत निराळे माप दिले असल्यास ते पाळावे. दिवा कोठे स्क्रू फिरवून, कोठे बोल्ट सैल करून वळतो. दिव्याच्या आरशाशी न जुळणारा एलईडी बल्ब मात्र बसवू नये. त्याने झोताची कडच नाहीशी होते आणि मग स्क्रू कितीही फिरविला तरी व्यर्थ. हे काम एकट्याने होत नाही. दोघे गाडीवर बसले की खूण पाहण्यास तिसरा लागतो. आपला उजेड कोठवर जातो, हे सांगावयास दुसऱ्याचीच नजर हवी.

तसेच हे काम एकदा करून संपत नाही. ओझे उतरले की दिवा खाली जातो आणि रस्ता पुरेसा दिसत नाही; तोही दोषच. परोपकाराच्या भरात स्वतः आंधळे होणे हा सद्गुण नव्हे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचे दिवे गाडी सुरू होताच आपोआप पेटतात, म्हणून तर ही तपासणी अधिकच अगत्याची झाली आहे.

दिवाळीच्या सुटीत मंडळी गावी निघतील. निघण्यापूर्वी कुटुंबातील सर्वांनी मिळून भिंतीसमोर दहा मिनिटे खर्च करावीत. त्याबद्दल कोणी आभार मानणार नाही. कारण ज्याचे डोळे दिपले नाहीत, त्यास काही घडल्याचे कळतच नाही. तो आपल्या वाटेने सुखरूप निघून जातो. ज्याचे आभार कोणी मानू शकत नाही असे पुण्य आपल्या हातून घडते की नाही, एवढेच आपण स्वतःस विचारावयाचे आहे.