असत्याचे मूळ आणि विस्तार

जीवाच्या असत्याचे मूळ बहुधा भयात असते. आपला दोष दुसऱ्याच्या दृष्टीस पडेल, हे भय प्रथम उपजते; मग वाणी त्या दोषावर पांघरूण घालते. उसने पैसे मागावयास कोणी दारी आले असता ‘बाबा घरी नाहीत’ असे लेकराकडून वदविणारा गृहस्थ स्वतःस असत्यवादी मानीत नाही. ‘प्रसंगच तसा होता’ अशी तो मनाची समजूत घालतो. म्हणजे एक असत्य तो परक्याशी बोलला व दुसरे स्वतःशी. हे दुसरेच अधिक घातक होय. कारण मनाची समजूत पटली की अनुतापास ठाव उरत नाही, आणि अनुताप नाही तेथे पुढील असत्य सुलभ होते.

असत्याचा हा विस्तार कोठवर जातो, याचा दाखला पुण्याच्या बुधवार पेठेत आहे. तेथे पेशवेकालीन बुधवारवाडा होता. इंग्रजी अमलात त्यात सरकारी कचेऱ्या व सरकारी बुक डेपो होता. मे 1879 मध्ये एका रात्री हा वाडा व विश्रामबागवाडा या दोहोंस आग लागली. त्या समयी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम असल्याने संशय प्रथम त्यांच्याकडे गेला. पुढे निराळेच उघडकीस आले. बुक डेपोतील रानडे नामक नोकराने पैशांचा अपहार केला होता. तो झाकावा म्हणून त्यानेच आग लावली होती.

येथे विचार करावा. अपहार झाकावयास अग्नी लागला. अग्नीने वाडा गेला आणि ज्याने ते कृत्य केले नाही त्याच्या माथी किटाळ आले. असत्य बोलणारा आपल्यापुरतेच बोलतो असे त्यास वाटते. परंतु त्याचे मोल इतरेजन देतात. दोष पहिल्याच दिवशी कबूल केला असता तर लज्जा एकट्याची होती.

म्हणून साधकाने निजण्यापूर्वी आपली वाणी तपासावी. आज काय झाकले, कोणापासून झाकले, कोणत्या भयाने झाकले, हे स्वतःस पुसावे. आणि दोष लहान आहे तोवरच ज्याचा अपराध केला त्याजपाशी तो प्रकट करावा. त्या गृहस्थाने धनकोकडे तर जावेच. पण आधी लेकरास जवळ घेऊन म्हणावे, ‘बाळ, मी घरीच होतो. तुजकडून खोटे बोलविले, हे माझे चुकले.’ त्या घरातील असत्याचा विस्तार तेथेच खुंटेल.