न झिजणारं कापड

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाकळ शिवायला हंगाम असतो. भात झोडून झालं, नाचणी-वरी घरात आली, की शिमग्याच्या मागेपुढे जुन्या कपड्यांचं बोचकं माळ्यावरून खाली उतरतं. वळवाचे ढग दिसू लागले की सुई पुन्हा खोचून ठेवली जाते. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला 5,500 ते 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत सुईला गंज चढतो, दोरा दमट होऊन गुंततो, आणि धुकं घरात शिरलेलं असताना भरदुपारीही टाका दिसत नाही. अर्धी शिवलेली वाकळ घडी घालून ठेवली तर गणपतीपर्यंत तिला बुरशी धरते. म्हणून वाकळ केवढी अंथरायची, किती थरांची करायची, हे डोंगरातली बाई आभाळाचा अंदाज घेऊन ठरवते.

घाटाखालच्या माणसाला वाटतं, उन्हाळ्यात शेतात काही नाही म्हणजे बाई मोकळी. पण राबासाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची असते ती याच दिवसांत. पावसाळाभर पुरेल एवढं जळण रचायचं असतं, कौलं चाळून घ्यायची असतात, झरे आटल्यामुळे हंड्याची वाट लांबलेली असते. जवळपास स्ट्रॉबेरीचे मळे असतील तर तिथली मजुरी वेगळी. या सगळ्यातून उरते ती दुपार, जेवणं उरकल्यापासून गुरं परतेपर्यंतची. मोठमोठ्या रंगीत वाकळी, ज्यांच्यापुढे उभं राहिलं की पाय निघत नाही, त्या अशा उरलेल्या दुपारींतून झालेल्या आहेत. त्यांना कलाकृती म्हणताना मला कधीच अडखळायला होत नाही. ज्या बाया त्या शिवतात त्यांना मात्र कुणी कलावंत म्हटलं तर त्या पदर तोंडाला लावून हसतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

पडवीतली जमीन आदल्या दिवशी सारवून वाळवलेली असते. तिच्यावर अस्तराचं लुगडं ओढून पसरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, पायली, हाताला लागेल तो जड जिन्नस ठेवायचा. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या थोडं वर. त्याची चौघडी केली की लांबी दोन मीटर भरते, आणि एक माणूस तिच्यावर पाय ताणून झोपू शकतो. मग आत एकावर एक थर जातात: जुनी धोतरं, फाटक्या चादरी, पोरांचे सदरे. वरचा थर ठिगळांचा, आणि डोळा लागतो तो तिथे. सुरुवात कडेपासून. धावदोरा घालत बाई चारी बाजूंनी फिरते, बोटभर आत येऊन पुन्हा फेरा घेते, मग आणखी आत. ती वाकळीवरच बसलेली असते आणि फेऱ्याबरोबर स्वतःही सरकत जाते.

या पद्धतीत मध्य सगळ्यात शेवटी येतो, आणि हे फार कठीण आहे. आधी कागदावर काढून घ्यायची सोय नाही, चौकट नाही. कडेला एखादा भडक लाल खण लावला तर तो उसवून मागे घ्यायला वेळ नसतो. पुढच्या फेऱ्यात त्याच्याजवळ असा काही रंग आणावा लागतो की तो लाल तिथलाच वाटेल. मध्यासाठी राखून ठेवलेला आवडता तुकडा, एखाद्या शालूचा पदर किंवा इरकलीचा काठ, इतके दिवस मांडीखाली दाबून ठेवलेला असतो. पण तिथवर पोचेपर्यंत भोवतीचा रंगमेळ इतका बदललेला असतो की तो तिथे बसेलच असं नाही. मग मन मोडून दुसरा तुकडा निवडायचा, की आवडता तुकडा घालून सगळा मेळ बिघडवायचा? कलेचा यापेक्षा खरा पेच मला माहीत नाही.

याच डोंगररांगेत दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून सुटलेली माणसं घाटावरच्या रानात शिरली आणि तिथलीच झाली. त्यांच्या बोलण्यात कोकणी-मराठी आजही आहे. त्यांचीही सुई कडेकडून मध्याकडे जाते. चार कोपऱ्यांना घड्या घालून शिवलेल्या चिंध्यांची फुलं लागल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीवर कधी चंद्रकोर. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये या कवंद्या भिंतीवर लागल्या आणि रानातल्या बायांची कला जगाने पाहिली. वाकळ आणि कवंदी यांत मला जे सारखं दिसतं ते टाक्याच्या दिशेहूनही खोल आहे. दोन्हीकडे सामान विकत आणलेलं नसतं. ते कुणीतरी अंगावर वागवलेलं, धुतलेलं, वाळवलेलं असतं. शिवणाऱ्या हाताआधी कापडावर वर्षांचा हात फिरलेला असतो.

सुती लुगडं नवं असताना खळीने ताठ असतं. पाण्यात बुडून, दगडावर आपटून, उन्हात पडून त्याची खळ जाते, वीण सैल होते, सुतांवर बारीक लव येते. काही वर्षांनी ते इतकं मऊ होतं की सुई त्यातून आपोआप जाते आणि एका थराची लव दुसऱ्या थराला धरून ठेवते. रंगही उतरतात, आणि उतरताना एकमेकांच्या जवळ येतात. हिरवं आणि जांभळं नवं असताना शेजारी ठेववत नाही. दोन्हींवरून पुष्कळ उन्हाळे गेले की ती सुखाने एकत्र राहतात. वाकळीच्या रंगसंगतीचं आपण कौतुक करतो. त्यातली निम्मी या झिजण्याने केलेली असते.

आता बोचक्यात असतात त्या पॉलिएस्टरच्या साड्या.

जावळीच्या खोऱ्यात एक मावशी राहतात, त्यांच्याकडे मी उन्हाळ्यात जाऊन बसते. त्यांनी एकदा अशी साडी माझ्यासमोर चोळून दाखवली आणि म्हणाल्या, “ह्ये कापाड म्हातारंच व्हत न्हाय बघ पोरी. नवं हाय तवर नवं, आन् मग एकदम टाकून द्याजोगं.” मी पुष्कळ वाचलं असतं तरी मला हे इतकं नेमकं कळलं नसतं. पॉलिएस्टरचा तंतू गुळगुळीत आणि चिवट असतो. तो झिजून मऊ होत नाही. फार तर त्याच्या गुठळ्या होतात. थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे कडेपासून फेरा घेत मध्याशी यावं तर तिथे फुगा आलेला असतो. कापूस आपल्या वजनाच्या 7 ते 8 टक्के ओल हवेतून सहज घेतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. म्हणून त्याच्या वाकळीत माणसाला घाम येतो आणि तो अंगावरच राहतो. कोरड्या थंडीत ती ओढून घेताना अंधारात चटचट ठिणग्या उडतात. चुलीशेजारी निजणाऱ्या घरात आणखी एक भीती असते. निखारा सुती वाकळीवर पडला तर भोक पडतं आणि त्यावर ठिगळ लागतं. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

यात त्या बायांना दोष देणं मला मान्य नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि खाली कोकणातली कितीतरी घरं एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांवर चालायची. गिरणीतला माणूस गावी येताना सुती चादरी, कापडाचे तुकडे घेऊन यायचा. 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा धडपणे सुरू झाल्याच नाहीत. माणसं परतली, कापड यायचं थांबलं. आठवडी बाजारात स्वस्त सिंथेटिक साड्यांचे ढीग लागू लागले. आणि पावसाच्या मुलखात त्या साडीचा गुण लगेच कळतो. चार महिने ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळवणाऱ्या, धुराचा वास अंगावर घेऊन वावरणाऱ्या बाईला तासाभरात वाळणारी साडी मिळाली, तर तिने ती का घेऊ नये? लावणीला चिखलात उभं राहताना भिजलेलं सुती लुगडं केवढं जड होतं, हे नेसणारीलाच ठाऊक. ज्या पावसामुळे वाकळ लागते, त्याच पावसाने वाकळीचं कापड घरातून घालवलं. या पेचाला सोपं उत्तर नाही.

पण हाताला स्वस्थ बसवत नाही. मावशी आता सिंथेटिक साड्या आतल्या थरांत घालतात आणि वरखाली मिळेल ते सुती. सरकू नये म्हणून आधी उभे-आडवे मोठे कच्चे टाके घालून सगळं बांधून घेतात, मग फेरा सुरू करतात. पूर्वी हे करावं लागत नव्हतं, म्हणजे एक पूर्ण काम वाढलं. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून त्याचे तुकडे लहान ठेवतात. जीनच्या शिवणीवर सुई मोडते, म्हणून तिच्या शिवणी कापून टाकून मधला भागच घेतात. शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट त्यांना आवडत नाही, पण त्याचा निळा आवडतो. पातळाच्या छापील फुलांमध्ये तो निळा त्या असा मधूनमधून पेरतात की नजरेला विसावा मिळतो. ही रंगांची जाण कुणी शिकवलेली नाही. जे मिळतं त्यातच सुंदर करायचं, हा हट्ट आहे, आणि तो मी फार मानते.

शहरातून आता मागणी येऊ लागली आहे, पण ती मागणीही वेगळी. जुने, वापरलेले कपडे नकोत, सगळं नवं हवं. रंग शांत हवेत. दहा मागवल्या तर दहाही सारख्या हव्यात. नवं सुती कापड मीटरवर आणायचं तर आधी ते पुन्हा पुन्हा धुऊन आटवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात वाकळ आक्रसते आणि लाल रंग सगळीकडे पसरतो. उन्हाळ्यात डोंगरावर धुण्याला एवढं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न मागणी करणाऱ्याला पडत नाही. शिवाय पानिपतचं गुबगुबीत ब्लँकेट दारात मोटारसायकलवर येतं, हप्त्याने मिळतं, आणि महिनाभर खपून केलेल्या वाकळीपेक्षा स्वस्त पडतं. तरीही मला सर्वांत मोठी अडचण वाटते ती सारखेपणाची. दहा सारख्या वाकळी शिवता येतील, हात तयार आहे. पण फेऱ्याफेऱ्याला जो निर्णय घ्यायचा असतो, तो दुसऱ्या वाकळीपासून संपलेला असतो. मावशींनी एकदा अशी मागणी घेतली, पैसे मिळाले, आणि त्यांनी ती पुन्हा घेतली नाही. त्यांना पैशाची गरज नव्हती असं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढे वेगळंच काम आहे. धाकट्या सुनेला दिवस गेले आहेत, आणि बाळाला दुपटं हवं. तान्ह्या अंगाला नवं कापड बोचतं, सिंथेटिक तर चालतच नाही. दुपट्याला झिजलेलं सुतीच लागतं. घरात असं कापड उरलेलं नव्हतं. मग त्यांनी सासूच्या वेळची एक जड, मळकी वाकळ काढली. जुन्या वाकळीवरच नवे थर चढवायची रीत असल्यामुळे एका वाकळीच्या पोटात आधीची वाकळ असते. मावशी आणि सून दुपारी समोरासमोर बसून ती उसवत होत्या. वरचे थर गेले तसं आत एक लुगडं निघालं. चाळीसएक वर्षं ऊन न लागल्यामुळे त्याचा हिरवा रंग नव्यासारखा होता आणि कापड सायीसारखं मऊ. ते दुपट्याला जाणार हे लगेच ठरलं. त्याचा काठ मात्र गर्द तांबडा, अजून धड. सुनेला तो दुपट्याच्या कडेला हवा आहे. मावशींना तो पुढच्या मोठ्या वाकळीच्या मध्यासाठी राखायचा आहे. “कडंला लावशील तर कोन बघनार?” असं त्यांचं म्हणणं. सून म्हणते, बाळ बघेल. मी निघाले तेव्हा काठ वेगळा काढून गुंडाळून ठेवला होता, आणि दोघी आपापल्या म्हणण्यावर ठाम होत्या.