आठ टॅपेट, आठ चिमटे

बसा. पाठ सरळ असू द्या, ताठ नको.

एक श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

आता पनवेलचं एक गॅरेज डोळ्यांसमोर आणा. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे. बाहेरचा रस्ता पुढे कोकणात जातो. आत ऑइलचा वास आहे, ओल्या मातीचा वास आहे.

मधोमध महिंद्राची जुनी पेट्रोल जीप उभी आहे. सीजे-३बी. हिचं बॉनेट उंच आहे, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच आहे. चार सिलिंडर. आठ व्हॉल्व.

रेडिएटर उतरवला आहे. समोरची जाळी उतरवली आहे. कॅमवर चालणारा पेट्रोल पंप सोडवला आहे, ऑइल पंपही. पुशरॉड काढून क्रमाने मांडले आहेत.

घाई नाही. बघत राहा.

ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडं आहे. आत व्हॉल्व उघडणारे आठ टॅपेट एका ओळीत उभे आहेत. प्रत्येक जण आपापल्या भोकात, कॅमशाफ्टवर तळ टेकून.

इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असतं, तेव्हा कॅम ३०० फेरे घेते. म्हणजे एकेक टॅपेट सेकंदाला पाच वेळा वर जातो, पाच वेळा खाली येतो. वर्षानुवर्षं हेच.

आज ते थांबले आहेत.

तुम्हीही थांबा. एक श्वास.

कॅमचा एक उंचवटा झिजला आहे. त्याच्यावरचा व्हॉल्व पुरता उघडत नाही. कॅम बदलायची आहे.

पण टॅपेट तिच्यावरच टेकलेले आहेत. त्यांचा तळ पसरट आहे, म्हणून ते वरून निघत नाहीत. तशीच कॅम ओढली, तर तिचे उंचवटे त्यांना अडतील. ती निघालीच, तर टॅपेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतील.

म्हणून आधी पहिल्या टॅपेटला बोट लावा. लोखंड गार आहे, ऑइलने निसरडं आहे.

अलगद वर ढकला. जाईल तितकाच. तळ कॅमपासून सुटला की पुरे.

आता त्याच्या दांड्याला चिमटा लावा. कपडे वाळत घालताना लावतो तो, साधा चिमटा. जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हाच उपाय छापलेला आहे.

हात काढा. टॅपेट तिथेच राहतो.

दुसरा. वर. चिमटा.

तिसरा. प्रत्येकासाठी एक श्वास.

चौथा. पाचवा. सहावा.

सातवा.

आठवा.

आठही जण वर आहेत. कुणालाही घराबाहेर काढलेलं नाही. प्रत्येक जण आपल्याच भोकात आहे, फक्त जरासा उचललेला.

हे बघत राहा.

कॅम सरळ पुढे येऊ द्या, दोन्ही हातांनी तोलून. कुठे घासली तर थांबा. पुन्हा सरळ करा. ती बाहेर येते.

आता टॅपेटांच्या खाली काहीच नाही.

या रिकाम्या जागेपाशी बसून राहा. ती लगेच भरायची नाही. टॅपेट पडत नाहीत. चिमटे लहान आहेत, पण एवढं वजन त्यांना पेलतं.

तुमचे खांदे कुठे आहेत? सैल सोडा.

खालून प्रकाश धरा. एकेका टॅपेटचा तळ बघा. खड्डा पडलेला असेल, तर तो टॅपेट खालून उतरवून बदलायचा. हे बघायला आत्ताइतकी चांगली वेळ पुन्हा मिळणार नाही.

नवी कॅम ऑइलमध्ये न्हालेली आहे. ती आत सरकू द्या. सावकाश. टायमिंगच्या खुणा एकमेकींसमोर येऊ द्या.

अजून चिमटे काढू नका. बोल्ट कसले जाऊ द्या.

आता पहिला चिमटा. टॅपेट खाली उतरतो, टेकतो. दुसरा. तिसरा. ज्या क्रमाने लावले, त्याच क्रमाने.

एक श्वास.

आता जीप राहू द्या. तुमच्या घरात, कामात, मनात जे बदलायला काढलं आहे, ते समोर आणा. त्याच्यावर कोण कोण टेकून उभं आहे, ते बघा. मोजा. एकही सुटू देऊ नका.

आधी त्यांना अलगद वर धरा. खालचं काढायला हात त्यानंतरच घाला.