दान कुठं संपतं?

महावीर जयंतीला सकाळी मिरवणूक, मग पाळणा आणि दुपारी रक्तदान शिबिर, असं आता बऱ्याच ठिकाणी असतं. येळ्ळूरच्या अशाच एका शिबिरात मी नावं लिहून घ्यायला बसले होते. गल्लीतल्या एक वहिनी रक्त द्यायला आल्या. डॉक्टरांनी वजन, हिमोग्लोबिन बघितलं आणि विचारलं, "बाळंतपणं किती झाली?" तीन, असं ऐकल्यावर ते म्हणाले, "रक्त जरूर द्या. लाल पेशी वापरू. प्लाझ्मा मात्र कुणाला चढवणार नाही."

वहिनी माझ्यापाशी येऊन चिडल्या. "काय वो अक्का, तीन पोरं ह्याच रक्तावर वाढली की! आता ते दुसऱ्याला बाधतंय होय?"

मलाही तेव्हा उत्तर आलं नाही. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं.

रक्त चढवल्यावर सहा तासांच्या आत क्वचित एखाद्या रुग्णाला एकदम धाप लागते. हृदय ठीक असतं, रक्तगट जुळलेला असतो, तरी फुप्फुसांत पाणी भरतं. ह्या आजाराला 'ट्राली' म्हणतात. ऑक्सिजन, कधी व्हेंटिलेटर लावून बरेच जण काही दिवसांत सावरतात. काही जण दगावतातही.

याचं एक मोठं कारण आईपणाशी जोडलेलं आहे. पोटातल्या बाळात निम्मा वाटा बापाचा. आईच्या शरीराला तो परका वाटतो आणि काही जणींच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात. जितकी गरोदरपणं जास्त, तितकी शक्यता जास्त. तिला स्वतःला त्यांचा काही त्रास नसतो. पण त्या प्लाझ्मातून दुसऱ्याकडं गेल्या, की त्याच्या पांढऱ्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशी फुप्फुसातल्या नाजूक रक्तवाहिन्यांना इजा करतात. दुसरं कारण साठवणीचं. पिशवीत ठेवलेल्या रक्तात दिवसागणिक काही द्रव्यं साचत जातात. आधीच खंगलेल्या रुग्णाला ती बाधू शकतात. म्हणून जुनं रक्त वाईटच, असंही नाही. कॅनडा आणि युरोपातल्या अतिदक्षता विभागांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, २०१५ साली, ताज्या रक्तानं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट ब्रिटनमध्ये २००३ पासून प्लाझ्मा शक्यतो पुरुषांचाच वापरायला लागल्यावर हा आजार बराच कमी झाला.

मग मनात आलं, ज्या आयांनी हे काही माहीत नसताना रक्त दिलं आणि कुणाला बाधलं, त्यांना हिंसेचं पाप लागलं का? आपला धर्म हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात बघतो. त्यांनी प्रमाद केला नव्हता. कळण्याचा मार्गच नव्हता. पण कळल्यावर तेच वागणं निर्दोष राहत नाही.

महाराजांना आहार देताना आपण मन, वचन, काय शुद्ध असल्याचं सांगतो आणि तिथंच थांबत नाही. आहार-पाणीही शुद्ध आहे, असं म्हणावं लागतं. भाव कितीही चांगला असला तरी मर्यादा उलटलेलं पीठ चौक्यात चालत नाही. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. तत्त्वार्थसूत्रातही दानाचं मोल विधी, वस्तू, देणारा आणि घेणारा या चारांवरून ठरतं. चौक्यात कुणाच्या घरचं पीठ बाजूला ठेवलं, तर तो त्या घरचा अपमान होत नाही. मग वहिनींचा प्लाझ्मा बाजूला ठेवला, तर तो अपमान कसा?

गुप्तदान आपण श्रेष्ठ मानतो. रक्तातही देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळत नाही, पण पिशवीवरच्या नंबरावरून रक्तपेढीला दात्यापर्यंत पोचता येतं. रक्त चढवल्यावर झालेल्या त्रासाची नोंद ठेवायला आपल्या देशातही डिसेंबर २०१२ मध्ये हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे हात झटकून मोकळं व्हायचं हे दान नव्हे.

आता माझं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी रक्त दिलं, तेव्हा मलाही हाच प्रश्न विचारला होता. मी 'दोन' म्हटलं. खरं तर तीन. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. टेबलाशेजारी सासरची माणसं उभी होती. त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. न टिकलेलं गरोदरपणही मोजावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण लपवलं, ते ठाऊक होतं. ते रक्त कुणाला गेलं, बाधलं की तारलं, मला कधीच कळणार नाही. न कळण्याचा दोष माझा नाही. लपवण्याचा मात्र आहे, आणि प्रतिक्रमणाला बसले की तो आठवतो.

पुढच्या शिबिरात बायकांना प्रश्न विचारायला मी एक पडदा लावून घेतला. आत एक खुर्ची, बाहेर नातेवाईक. वहिनी आल्या, आत गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "अक्का, मागच्या वेळी मी पण एक सांगितलं नव्हतं बघा."