सही नसलेला जामीनदार

19 ऑक्टोबर 2014. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी पुरती संपलीही नव्हती आणि प्रफुल्ल पटेल यांनी जाहीर केलं की, स्थिर सरकारसाठी राष्ट्रवादी काँग्रेस भाजपला बाहेरून, बिनशर्त पाठिंबा देईल. भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. बहुमताला हवेत 145. ज्या पक्षावर प्रचारभर सिंचन घोटाळ्याचे आरोप झाले, त्याच्याच आधारावर आरोप करणारे सत्तेत बसणार होते. मतदानाच्या दिवशी बिलोलीत राष्ट्रवादीच्या घड्याळाचं बटण दाबून आलेला माझा शेजारी त्या संध्याकाळी एवढंच म्हणाला, "मग आपण मत कुणाच्या विरोधात दिलं?" मलाही संताप आला होता. विश्वासघात, याशिवाय दुसरा शब्द सुचत नव्हता.

आज तो शब्द मला अपुरा वाटतो. अल्पमतातलं सरकार तारणं हे मुळात पाप नाही. घटनेच्या 164व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. सभागृहाचा विश्वास आहे तोवर ते चालतं. 1969 मध्ये काँग्रेस फुटली, इंदिरा गांधींचं बहुमत गेलं, तरी द्रमुक आणि कम्युनिस्टांच्या आधारावर सरकार 1971 च्या निवडणुकीपर्यंत टिकलं.

पण पुढे या आधाराचा अर्थच पालटला. 1979 मध्ये चरणसिंगांना इंदिरा काँग्रेसने वर चढवलं आणि ते लोकसभेला सामोरे जाण्याआधीच शिडी काढून घेतली. चंद्रशेखर यांनी काँग्रेसच्या भरवशावर नोव्हेंबर 1990 मध्ये शपथ घेतली आणि मार्चमध्ये राजीनामा दिला. देवेगौडा आणि गुजराल यांचंही तेच झालं. सरकार आपलं नाही, पण त्याची दोरी आपल्या हातात, असं राजकारण रुळत गेलं.

माझं मत बदललं ते 2004 नंतरच्या चार वर्षांकडे मागे वळून पाहताना. तेव्हा साठेक डाव्या खासदारांनी मनमोहनसिंग सरकारला बाहेरूनच पाठिंबा दिला होता. पण त्या सरकारचा किमान समान कार्यक्रम छापील होता. त्यात ग्रामीण रोजगार हमीचं वचन होतं आणि 2005 मध्ये त्याचा कायदा झाला. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडायला गेलेल्या पिढीला त्या वचनाचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे अणुकरारावर बिनसलं, तेव्हा जुलै 2008 मध्ये डाव्यांनी कारण सांगून पाठिंबा काढला. तो निर्णय कुणाला पटो न पटो, हिशेब उघड्यावर होता.

आमच्याकडे सोसायटीचं कर्ज काढताना जामीनदार लागतो. पैसा त्याच्या घरात येत नाही, पण कागदावर सही त्याची असते. हप्ते थकले की नोटीस त्याच्याही दारात येते. 2014 चा पाठिंबा म्हणजे सही न करता राहिलेला जामीन होता. बिनशर्त म्हणजे मागितलं काहीच नाही. मग मतदाराने नंतर विचारायचं तरी कशाबद्दल? महिन्याभरातच पक्षाच्या अलिबागच्या शिबिरात शरद पवारांनी सरकार टिकवण्याची जबाबदारी आपली नसल्याचं सांगून टाकलं. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस दगा देऊन गेला होता. अशा वेळी सरकारला जाब कुणी विचारायचा, हा आमच्यासाठी पोटाचा प्रश्न होता.

त्याआधी 12 नोव्हेंबरला विधानसभेत भाजप सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानाने संमत झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिल्या. मागणी उशिरा आली म्हणून ती फेटाळली गेली. मला सर्वांत जास्त सलतं ते हेच. मतविभागणी झाली असती तर राष्ट्रवादीच्या 41 जणांना आपण कुठे उभे आहोत ते दाखवावं लागलं असतं, नावानिशी.

देगलूर-बिलोलीतून तेव्हा शिवसेनेचे सुभाष साबणे निवडून आले होते. ठरावाच्या दिवशी त्यांचा पक्ष विरोधी बाकांवर होता, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. 5 डिसेंबरला तोच पक्ष मंत्रिमंडळात गेला आणि राष्ट्रवादीच्या टेकूची गरज उरली नाही. शेजाऱ्याने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं, हे दाखवायला माझ्याकडे मतांची यादी नव्हती, कारण 12 नोव्हेंबरला मतं मोजलीच गेली नव्हती.