पावसाचं श्रेय कुणाचं?

ऑगस्ट 2023 मध्ये पावसाने अशी दडी मारली, की 1901 पासूनच्या नोंदींत देशभरातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पीकविम्याच्या हिशेबात तेव्हा पावसाचा खंड 21 दिवसांचा धरत. मराठवाड्यातल्या देगलूरच्या काळ्या रानात माना टाकलेल्या सोयाबीनसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो त्याआधीच कळलेला असतो. असा खंड पडला की मराठवाड्यात धोंडी निघते. अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळलेलं पोर दारोदार फिरतं, घरची बाई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतते. कुठे महादेवाची पिंडच पाण्यात बुडवून ठेवतात. देवालाच कोंडीत पकडायचं!

मग पाऊस येतो. कधी ना कधी येतोच. श्रेय कुणाचं?

शास्त्रकारांनाही या प्रश्नाने छळलं आहे. वैदिक कर्मकांडात पावसासाठी कारीरी नावाची इष्टी आहे. तिचं फळ इथेच आणि लगेच मिळायला हवं, कारण सुकणारं पीक परलोकाची वाट पाहत नाही. इष्टी करूनही आभाळ कोरडंच राहिलं, तर वेद खोटा ठरतो का? न्यायसूत्रांनी आणि त्यांवरच्या भाष्याने पुत्रकामेष्टीच्या निमित्ताने उत्तर देऊन ठेवलं होतं: दोष कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असणार. नवव्या शतकात काश्मीरच्या जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त कारीरीचाही खल केला. युक्तिवाद मोठा चलाख आहे. पाऊस आला तर विधी खरा, नाही आला तर करणारा चुकला! म्हणजे कोरड्या वर्षाचं खापर अखेर आधीच नागवल्या गेलेल्या यजमानाच्याच माथी.

वारकऱ्यांनी हा हिशेब बाजूला ठेवलेला दिसतो. देगलूर हे धुंडा महाराजांसारख्या कीर्तनकाराचं गाव, आणि कीर्तनात दामाजीपंत हमखास येतात. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला तेव्हा पंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी खुली केली. पुढे विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला, अशी ती कथा. या देवाला पाऊस पाडणं अवघड नव्हतं. पण कथेत तो पाऊस पाडत नाही, एका माणसाने उपाशी लोकांपायी अंगावर घेतलेलं देणं फेडतो.

धोंडीकडेही याच नजरेने पाहावं. ऐन टंचाईत घरातलं पाणी दुसऱ्याच्या पोरावर ओतायचं, वर पसाभर धान्य द्यायचं. पाऊस लांबला तरी ते दिलेलं वाया जात नाही.

पाऊस थेट देवाच्या खात्यावर मांडणाऱ्याची खरी पंचाईत ऑगस्ट 2025 मध्ये झाली असती. देगलूरला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं आणि जनावरं दगावली. गावकऱ्यांनी देवाला जाब विचारला नाही. त्यांनी बोट दाखवलं ते लेंडी धरणाकडे आणि रखडलेल्या पुनर्वसनाकडे.