कुणाच्या सहीने?

भाजी चिरायचा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड असतो ना, तो कापून पातळ पट्टी करायची, टोकाला एक खाच पाडायची आणि दाराच्या फटीतून आत सरकवायची. काही कुलपं तेवढ्यानं उघडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एडेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डॅलस काउंटीच्या कोर्टाचं दार ११ सप्टेंबर २०१९ला, मध्यरात्र उलटल्यावर असंच उघडलं. आत शिरले दोघं जण, गॅरी डिमरक्युरिओ आणि जस्टिन विन. अलार्म किंचाळायला लागला, तरी ते पळाले नाहीत. पोलीस येतात का आणि आल्यावर काय करतात, हे बघणं त्यांच्या कामातच मोडत होतं.

पोलीस आले. दोघांनी पत्र काढून दाखवलं. राज्याच्या न्याययंत्रणेनं आपल्या इमारती आणि संगणक कितपत सुरक्षित आहेत ते तपासायचं कंत्राट त्यांच्या कंपनीला दिलं होतं, त्याचं ते पत्र. पोलिसांनी पत्रावरच्या नंबरांवर फोन लावले, खातरजमा केली. वातावरण सैल झालं, दार कसं उघडलंत वगैरे गप्पाही झाल्या. मग शेरीफसाहेब आले. त्यांचं म्हणणं साधं होतं: इमारत काउंटीची, मग परवानगी देणारं राज्य कोण? दोघांची रात्र कोठडीत गेली. घरफोडीचा गुन्हा लागला, पुढे तो अतिक्रमणावर आला आणि जानेवारी २०२०च्या अखेरीस सगळंच मागे घेतलं गेलं.

मोनॉपोलीच्या खेळात जेलमधून सुटायचं एक कार्ड असतं. या धंद्यातली माणसं परवानगीच्या पत्राला गमतीनं त्याच कार्डाचं नाव देतात. एडेलची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. हॅकरांबद्दल लिहिताना आपण टोप्यांचे रंग सांगतो, पांढऱ्या टोपीचा सज्जन आणि काळ्या टोपीचा दुर्जन. टोपीवरून माणूस ओळखायचे दिवस आपल्याकडे कधीच सरले, हॅकरांच्या बाबतीत मात्र अजून चालू आहेत. प्रत्यक्षात दोन्हींकडचं कसब एकच. पट्टी तीच, फट तीच. चोरी कुठली आणि नोकरी कुठली, हे कागदावरच्या सहीनं ठरतं. आणि सही करणाऱ्याला तो अधिकार होता की नाही, हे कधीकधी तिसराच माणूस ठरवतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. निकाल लागला. निकालाच्या पानाच्या पत्त्यात त्याला स्वतःचा सीट नंबर दिसला. त्यानं शेवटचा आकडा बदलला, तर मित्राचा निकाल आला. पुन्हा बदलला, पुढच्या मुलीचा. नुसते मार्क नव्हते. फोटो, जन्मतारीख, आईचं नाव, जातीचा रकाना, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यानं शहाण्या मुलासारखं जाऊन सरांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं आलं. भावजी दौऱ्यावर, म्हणून मी गेलो. केबिनमध्ये फुलस्केप कागद ठेवून त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. ‘वेबसाइट’ लिहिलं होतं ते खोडायला लावून सरांनी ‘संकेतस्थळ’ करवून घेतलं. शुद्धलेखन तपासलं, खाली माझीही सही घेतली. निकालाचं ते पान पुढच्या सेमिस्टरलाही तसंच उघडं होतं. हे त्याला कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

आता दोन अमेरिकन मुलं घेऊ. केविन मिटनिक लॉस एंजेलिसचा, आई वेट्रेस, घरात माणसं दोनच. बारा वर्षांचा असताना त्याच्या लक्षात आलं की बस बदलायच्या तिकिटावर ड्रायव्हर एका खास चिमट्यानं भोक पाडतो. हा चिमटा कुठे मिळतो, शाळेच्या प्रकल्पासाठी हवाय, असं त्यानं ड्रायव्हरलाच विचारलं. ड्रायव्हरनं दुकान सांगितलं. डेपोच्या कचरापेटीत अर्धीमुर्धी वापरलेली तिकीटपुस्तकं पडलेली असायची. एवढ्या भांडवलावर पोरगं फुकटात शहरभर हिंडलं. त्याची पुढची सगळी हॅकिंग याच जातकुळीची. संगणक त्याला येत होताच, पण खरी करामत जिभेची. फोन करायचा, आपण कंपनीतलेच आहोत असं भासवायचं, आणि समोरच्याकडून पासवर्ड काढून घ्यायचा. १५ फेब्रुवारी १९९५ रोजी तो रॅले शहरात पकडला गेला. सुमारे पाच वर्षं तुरुंगात, त्यातला बराचसा काळ निकालाआधीचा, आठ महिने एकांतकोठडी. हा माणूस फोनमध्ये शीळ घालून अणुयुद्ध सुरू करील अशी भीती कोर्टाला घातली गेली, असं तो सांगायचा. जानेवारी २००० मध्ये सुटला तेव्हा तीन वर्षं संगणकाला हात लावायचा नाही अशी अट होती. आणि दीडच महिन्यात, मार्चमध्ये, अमेरिकी सिनेटच्या समितीनं त्यालाच सल्ला द्यायला बोलावलं. हात बांधलेले, तोंड मोकळं!

दुसरा रॉबर्ट टॅपन मॉरिस. कॉर्नेल विद्यापीठात नुकता दाखल झालेला संशोधक विद्यार्थी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यानं एमआयटीच्या एका संगणकावरून स्वतःहून पसरत जाणारा एक प्रोग्रॅम सोडला. नासधूस करायचा हेतू नव्हता. ज्या यंत्रात तो आधीच पोचलाय तिथे पुन्हा बिऱ्हाड करू नये, अशी व्यवस्थाही होती. पण कुणी ‘मी आधीच इथे आहे’ असं खोटंच सांगून फसवेल या शंकेनं त्यानं नियम केला की सात वेळांतून एकदा ते न जुमानता घुसायचंच. हा सातातला एक नडला. एकेका यंत्रात प्रती साठत गेल्या आणि यंत्रं गुदमरली. तेव्हा इंटरनेटवर साठेक हजार संगणक होते, त्यांतले सहा हजार लोळवले गेले असा अंदाज त्या वेळी बांधला गेला. मॉरिसचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. संगणकांच्या गैरवापराविरुद्धच्या नव्या अमेरिकी कायद्याखाली दोषी ठरलेला हा पहिलाच मोठा आरोपी. शिक्षा: तीन वर्षं देखरेख, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. पुढे मित्राबरोबर वायावेब ही कंपनी काढली, ती १९९८ मध्ये याहूनं विकत घेतली; वाय कॉम्बिनेटरच्या संस्थापकांत त्याचं नाव आहे; आणि तो प्राध्यापक झाला तो एमआयटीतच, जिथून तो प्रोग्रॅम सोडला होता.

मॉरिसला तुरुंगात टाकायला हवं होतं असं मला मुळीच वाटत नाही. मिटनिक सराईत होता, फरार होता, हेही खरं. तरी दोन्ही कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट खटकतेच. एकाच्या मागे विद्यापीठ होतं, घराणं होतं, ‘मुलगा हुशार आहे, चुकला’ असं म्हणणारी वजनदार माणसं होती. दुसऱ्याच्या हुशारीची सगळ्यांना धास्तीच वाटली. मिटनिकनं पुढे स्वतःची सल्लागार कंपनी काढली, नाव आणि पैसाही कमावला, जुलै २०२३ मध्ये वयाच्या ५९व्या वर्षी गेला. पण त्याला दुसरी संधी कुणी दिली नाही, ती त्यानं ओरबाडून घेतली.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते ती मार्कस हचिन्सची गोष्ट. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या इल्फ्राकूम गावातला बावीस वर्षांचा मुलगा, आईवडिलांच्या घरी राहून एका अमेरिकन कंपनीसाठी व्हायरसांचा माग काढायचा. १२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं त्या दिवशी ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांचे संगणक कुलूपबंद केले होते, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या जात होत्या. हचिन्सनं त्याचा नमुना उघडला, तर तो दर वेळी एका लांबलचक, अर्थहीन वेबपत्त्याला हाक मारत होता आणि तो पत्ता कुणाच्याच नावावर नव्हता. त्यानं तो घेऊन टाकला, अकरा डॉलरही पूर्ण लागले नाहीत. लागण किती झालीय ते मोजावं, एवढाच बेत. हाकेला ओ मिळाली तर पसरायचं थांबायचं, अशी व्हायरसची रचना होती, हे नंतर उमगलं. दीडशे देशांत पोचलेली साथ त्या खरेदीनं ओसरली. कुणाची सही घ्यायचा प्रश्नच आला नाही, कारण पत्त्याला मालकच नव्हता.

तीन महिनेही झाले नाहीत. ऑगस्टमध्ये हॅकरांच्या संमेलनाहून परतताना लास वेगासच्या विमानतळावर त्याला अटक झाली. पोरवयात त्यानं क्रोनोस नावाचा, लोकांची बँक खाती साफ करणारा प्रोग्रॅम लिहिण्यात हात घातला होता. दोन वर्षं तो अमेरिकेत अडकून पडला, एप्रिल २०१९ मध्ये गुन्हा कबूल केला. जुलैमध्ये मिलवॉकीच्या न्यायाधीश स्टाटम्युलर यांनी, भोगली तेवढी पुरे, वर एक वर्ष देखरेख, असं म्हणून त्याला सोडलं. निकाल देताना त्यांनी दोन्ही पारड्यांचा विचार केला, पुढच्याही आणि मागच्याही. असे न्यायाधीश नशिबानं भेटतात, आणि करिअर नशिबावर सोडायची गोष्ट नव्हे.

कंपन्यांनी यावर आधीच एक वेगळी वाट काढली होती. सही आधीच करून ठेवायची, कुणाचंही नाव न घालता: या, आमचं दार तपासा, फट सापडली तर आम्हाला सांगा आणि बक्षीस घ्या. नेटस्केपनं १९९५ मध्ये ही रीत सुरू केली. आपल्याला ती नवी वाटायचं कारण नाही, हिरकणीची आख्यायिका दुसरं काय सांगते? रायगडाचे दरवाजे बंद असताना ती ज्या कड्यावरून उतरली, तिथे महाराजांनी बुरूज बांधून घेतला आणि तिला साडीचोळी दिली. तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला नाही.

तमिळनाडूच्या लक्ष्मण मुथैया यांनी २०१९ मध्ये इन्स्टाग्रामची अशीच एक फट दाखवली. पासवर्ड विसरल्यावर मोबाइलवर सहा आकडी कोड येतो. शक्यता दहा लाख, मुदत दहा मिनिटं. एकाच ठिकाणाहून भराभर प्रयत्न केले की इन्स्टाग्राम अडवायचं. त्यांनी हजार वेगवेगळ्या पत्त्यांवरून, एकाच वेळी, दोन लाख प्रयत्न करून दाखवले. कुणी अडवलं नाही. पुरे दहा लाख करायचे तर पाच हजार पत्ते लागतील आणि भाड्याच्या सर्व्हरांवर दीडशे डॉलरच्या आसपास खर्च येईल, असा हिशेबही मांडला. बक्षीस मिळालं तीस हजार डॉलर. यात मला हिशेब जास्त आवडतो. ‘धोका आहे’ असं ओरडणारे पुष्कळ. कुलूप तोडायला किती रुपये लागतील ते सांगणारा खरा कारागीर.

पण हीच फट इन्स्टाग्रामऐवजी एखाद्या महामंडळाच्या साइटवर सापडली असती तर? आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय हे शब्द घेऊनच सुरू होतं. त्यात अप्रामाणिक हेतू जोडला की ६६वं कलम, तीन वर्षांपर्यंत कैद. हेतू चांगला होता हे पुढे कोर्टात सिद्ध होईलही, तोवर लॅपटॉप पोलिसांच्या मुद्देमालात. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये त्यांनी अमेरिकेतले हॅल्डरमन आणि हॉलंडचे खोन्ग्रेप यांच्यासह एका मतदानयंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडणूक आयोगानं निष्कर्ष फेटाळले; त्यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. यंत्र त्यांना एका अनाम माणसाकडून मिळालं होतं आणि ते मुंबईतल्या सरकारी गोदामातलं निघालं. त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस हैदराबादला गेले आणि चोरीच्या आरोपाखाली हरी प्रसाद यांना घेऊन आले. आठवड्यानं जामीन झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका डिजिटल हक्क संस्थेनं त्यांना पुरस्कार दिला. यंत्र आलं कुठून हा प्रश्न रास्तच. पण यंत्रात काय आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

आपल्याकडे तपासणीच्या या धंद्याला बरकत आली ती पुण्यातल्या एका शनिवारी. ११ ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा घुसवली होती, ती प्रत्येक मागणीला हो म्हणत गेली. २८ देशांत बनावट कार्डांवर पैसे निघाले, काही कोल्हापुरातल्या एटीएममधूनही. सोमवारी आणखी तेरा-चौदा कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं कॅमेऱ्यांत दिसली. २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली. हे सगळे ओझ्याचे बैल. ज्यांनी ती यंत्रणा लिहिली, ते पुण्याच्या कोर्टात कधी उभे राहिले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि तालुक्याच्या गावांतही तपासणाऱ्यांची गरज निर्माण झाली.

माझा भाचा आता हेच काम करतो. पहिल्या वर्षी त्याला एका छोट्या सहकारी बँकेत पाठवलं होतं. सकाळी दहाला पोचला. परवानगीचं पत्र टाइप करून तयार होतं, फक्त सही हवी होती. चेअरमनसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “तुम्ही आधी बघून घ्या हो काय सापडतंय. काही सापडलं नाही तर लगेच सही करतो.” भाचा म्हणाला, “साहेब, सहीशिवाय मी वायफायचा पासवर्डसुद्धा घेणार नाही.” मग दिवसभर तो शिपायाच्या स्टुलाशेजारी लॅपटॉप मांडीवर मिटून बसला. तीन वेळा चहा आला. साहेबांनी वकिलांना फोन केला, वकिलांनी मॅनेजरला, मॅनेजरनं दुपारी मला फोन करून मुलगा विश्वासातला आहे ना, असं विचारलं. मी आहे म्हणालो. पाच वाजता सही झाली. पण शिक्का कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि कॅशियर साडेचारच्या एसटीनं गेला होता.